शांत बाळ

मुलगी मे महिन्यात झाली, सिझेरियनने. जन्माचं वजन २ किलो ९०० ग्रॅम. चौथ्या दिवशी तिला मीरा रोडच्या घरी आणलं. ती इतकी झोपायची की शेजारच्या काकू म्हणाल्या, "गुणी आहे हो लेक." मला अभिमान वाटला. भुकेने गळून गेलेलं बाळही असंच झोपतं, हे मला ठाऊक नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी लंगोटावर रुपयाएवढा विटकरी डाग दिसला. रक्त समजून माझे हातपाय गळाले. आई म्हणाली, "उष्णता झाली असेल, साखरेचं पाणी चाटवू." मी चमचा शोधायला लागलो. तेवढ्यात बायकोने विचारलं, "अरे, रात्री लंगोट किती बदललेस?" आठवून पाहिलं. एकच, आणि तोही जेमतेम ओला.

तिला छातीशी धरून घरातल्या वजनकाट्यावर उभा राहिलो, मग एकटा, मग वजाबाकी. तीनदा केली, तीन वेगळी उत्तरं आली.

रिक्षा करून भाईंदरला बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. सिस्टरनी लंगोटसुद्धा काढून तिला काट्यावर ठेवलं. २५४० ग्रॅम. डॉक्टर म्हणाल्या, "सुरुवातीला वजन थोडं उतरतंच. पण दहा टक्क्यांच्या वर गेलं की आम्ही थांबत नाही. हिचं बारा टक्क्यांवर आहे." मग प्रश्न : शू किती वेळा? शी काळीच आहे की पिवळी झाली? पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत. मला एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नाही.

रक्तात सोडियम १५४ निघालं. १४५ पर्यंत चालतं. कागदावर लिहिलं होतं 'हायपरनॅट्रेमिक डिहायड्रेशन'. मी माझ्यापुरतं मराठी केलं : भाईंदरच्या मिठागरात पाणी आटून मीठ मागे राहतं, तसं. तो डागही रक्ताचा नव्हता. लघवी दाट झाली की युरेटचे कण असे उतरतात. "मग लवकर पाणी भरा ना!" मी म्हणालो. डॉक्टरांनी मान हलवली. सोडियम झपाट्याने उतरलं तर मेंदूला सूज येते, झटके येतात. दोन दिवस, हळूहळू. मी मागत होतो ती घाईच घातक होती.

वरचं दूध द्यावं का, असं बायकोने रडतच विचारलं. सिझेरियननंतर दूध उशिरा उतरू शकतं, डॉक्टर म्हणाल्या. अगदी गरज पडली तर मातृदुग्धपेढ्या आहेत, सायनच्या रुग्णालयात १९८९ पासून आहे. पण आधी सिस्टरना पाहू द्या. सिस्टर बराच वेळ नुसत्या बघत बसल्या. "ती टोकच चोखतेय," त्या म्हणाल्या. "भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा. जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं की बाळाला छातीकडे आणा. तुम्ही पुढे वाकू नका." हनुवटी छातीला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला. "आता कान लावा." मी वाकलो. घोट ऐकू आला. पाच दिवसांत पहिल्यांदा.

त्यानंतर दर दोन-तीन तासांनी तिला उठवून पाजायचं, शिवाय छातीतून काढलेलं दूध वाटी-चमच्याने. मी वही केली : शूसाठी उभी रेघ, शीसाठी फुली.

पंधराव्या दिवशी वजन २९१० भरलं. त्या रात्री तीन वाजता ती माझ्या खांद्यावर असताना शर्ट भिजला. मी दिवा लावून वही उघडली आणि आठवी रेघ मारली.