आगबोट गोदीत जाते तेव्हा

आगबोटीचा तळ कधी पाहिलात? तो कायम पाण्याखाली. म्हणून दर काही वर्षांनी बोट सुक्या गोदीत न्यावी लागते. २०१६ साली 'क्वीन मेरी २' जर्मनीत हांबुर्गच्या 'एल्बे १७' गोदीत गेली होती. बोट ३४५ मीटर लांब, गोदी ३५१!

दार लावून पाणी उपसलं, की बोट ठोकळ्यांवर टेकते. मग तळाला चिकटलेलं शेवाळ, शिंपले खरवडतात, रंग देतात, पाण्यातले पंखे तपासतात. त्या खेपेस प्रवाशांच्या कुत्र्यांसाठी १२ची २२ घरंही झाली!

नवे गालिचे सगळ्यांना दिसतात. भिस्त मात्र न दिसणाऱ्या तळावर. मी नर्स होते, म्हणून सांगते: दुखत नसलं तरी वेळच्या वेळी तपासून घ्या हो.