शब्दसूची आणि सूचीकार

शब्दसूचीचे काम सुरू होते ते पुस्तकाची पाने पक्की झाल्यावर. शेवटचे मुद्रितशोधन आटोपलेले असते, छायाचित्रांच्या जागा ठरलेल्या असतात आणि आता एकही ओळ या पानावरून त्या पानावर जाणार नाही, अशी हमी प्रकाशकाने दिलेली असते. ही हमी बहुधा मोडते. लेखकाला ऐन वेळी एक परिच्छेद आठवतो आणि पुढच्या सगळ्या पानांचे गणित चुकते. म्हणून सूचीकाराशी बोलणी हस्तलिखित स्वीकारल्याबरोबर करावीत, मजकूर मात्र पाने पक्की होईपर्यंत देऊ नये. मध्ये तीन-चार आठवडे निव्वळ या कामासाठी राखावे लागतात. प्रत्यक्षात प्रकाशन समारंभाची तारीख आधी ठरते आणि उरलेल्या दिवसांत सूची उरकली जाते.

पीडीएफमध्ये शब्द शोधले, पानांचे आकडे मांडले की सूची झाली, असा समज आहे. मराठीत तो पहिल्याच पायरीवर फसतो. ‘पुणे’ शोधले तर ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’ सापडत नाही; ‘सातारा’ शोधले तर ‘साताऱ्याचे’ निसटते. बरे, नुसते ‘पुण्य’ टाकून शोधावे, तर पाप-पुण्यही हाती लागते. त्यातच युनिकोडपूर्व फाँटांत मांडलेले पुस्तक असेल, तर पडद्यावर देवनागरी दिसत असूनही संगणकाच्या लेखी ती भलतीच चिन्हे असतात.

विभक्तीची अडचण सुटली तरी खरे काम पुढेच असते. १८९७ च्या पुण्यातील प्लेगवरचे पुस्तक घ्या. एखाद्या पानावर लोक शहर सोडून माळावर झोपड्या बांधून राहिल्याचे वर्णन येते. ‘स्थलांतर’ हा शब्द त्या पानावर कुठेही नसतो. वाचक मात्र शोधताना तोच शब्द मनात धरून येतो. सूचीकाराने तो त्या पानाला द्यायचा असतो. उलट, ‘टिळक’ हे नाव चाळीस पानांवर आले, तरी त्यातल्या पंधरा ठिकाणी ते केवळ कालनिर्देशापुरते असेल, तर ती पाने वगळायची. काय घ्यायचे यापेक्षा काय टाकायचे, हे ठरवायला जास्त वेळ लागतो.

सूची कशी झाली आहे हे ओळखायची एक सोपी खूण आहे. एखाद्या नावापुढे वीस-पंचवीस पानांचे आकडे स्वल्पविराम देत एका रांगेत उभे असतील, तर तिथे वाचन झालेले नाही. सहा-सातपेक्षा जास्त आकडे जमले की उपनोंदी पाडाव्या लागतात. ‘रँड, वॉल्टर चार्ल्स’ या मुख्य नोंदीखाली प्लेग समितीवरील नेमणूक, घरतपासणी, वृत्तपत्रांतील टीका, २२ जून १८९७ चा हल्ला अशा उपनोंदी आल्या, की वाचक हव्या त्या पानावर थेट जातो. जुन्या लेखनातल्या ‘ग्रंथिक सन्निपाता’पुढे ‘पाहा: प्लेग’ एवढेच लिहायचे.

मराठी नावांत सूचीकाराची खरी परीक्षा होते. नाना फडणवीस ‘फ’मध्ये, ‘न’मध्ये, की बाळाजी जनार्दन भानू म्हणून ‘भ’मध्ये? कुसुमाग्रज की शिरवाडकर? गडकऱ्यांच्या कविता गोविंदाग्रजांच्या, विनोद बाळकरामाचा आणि नाटके राम गणेशांची. कुठल्याही एका जागी सगळी पाने द्यावीत आणि बाकीच्या जागांवरून तिकडे बोट दाखवावे. कोणती जागा निवडली यापेक्षा ती शेवटपर्यंत पाळली का, हे महत्त्वाचे. एकोणिसाव्या शतकावरच्या पुस्तकात ‘रमाबाईंनी’ असे येते तेव्हा त्या पंडिता रमाबाई की रमाबाई रानडे, हे मागचे-पुढचे वाचल्याशिवाय कळत नाही. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर ही दोन्ही नावे आता सूचीत लागतात. त्यांपैकी पाने कुठे द्यायची, हे पुस्तक ज्या काळाविषयी आहे त्यावरून ठरवावे.

वर्णक्रमाचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी घ्यायचे की ‘क’ आणि ‘ज’च्या पोटात, अनुस्वाराचे शब्द आधी की नंतर, याबाबत कोशाकोशांत मतभेद आहेत. मराठी वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर येतो, पण युनिकोडच्या सांकेतिक क्रमाने लावला तर तो ‘ल’ला चिकटून बसतो. ‘ॲ’ची तऱ्हा तर गमतीची आहे. ते अक्षर एकसंध टंकले असेल तर ‘ॲक्वर्थ’ ‘ह’च्याही पलीकडे जातो आणि ‘अ’ला वेगळी अर्धचंद्राची खूण जोडून टंकले असेल तर तोच ‘अ’च्या शेवटी बसतो. दोन्ही छापात सारखेच दिसतात. संगणकाने लावलेला क्रम माणसाने एकदा तरी पाहावाच लागतो.

इंग्लंडमध्ये सूचीकारांची सोसायटी ऑफ इंडेक्सर्स ही संस्था १९५७ पासून आहे. ती प्रशिक्षण देते आणि काम घेणाऱ्यांची यादीही ठेवते. मराठीत तशी सोय नाही. ज्या भाषेत केतकरांच्या ज्ञानकोशाला स्वतंत्र सूचिखंड मिळाला आणि शंकर गणेश दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची एकहाती उभी केली, तिथे पाचशे पानी चरित्र नामसूचीवाचून निघावे, हे विचित्रच. काम देताना ग्रंथपाल, कोशकार्यात मुरलेली माणसे आणि विषयाची थोडीफार जाण असलेले मुद्रितशोधक यांच्याकडे पाहावे. एका प्रकरणाची नमुना सूची आधी मागावी आणि तिचे पैसे द्यावेत.

मोबदला पानांवर ठरवावा, नोंदींवर नाही. नोंदींवर ठरला की नोंदी फुगतात. मजकुराच्या शंभर पानांमागे तीन ते पाच पाने सूचीला लागतात. प्रकाशक मात्र शेवटच्या सोळा पानी फॉर्ममध्ये किती पाने शिल्लक आहेत ते मोजतो, म्हणून हा आकडा आधीच बोलून घ्यावा. तळटीपा आणि परिशिष्टे सूचीत घ्यायची का, हेही तेव्हाच ठरवावे. सूचीकाराचे नाव श्रेयपानावर छापावे. मनोगतातल्या आभारांच्या गर्दीत ते हरवते.

लेखकाने स्वतःच सूची का करू नये? कर्ट व्हॉनेगटच्या ‘कॅट्स क्रेडल’ या १९६३ च्या कादंबरीतली एक सूचीकार बाई याविरुद्ध बजावते, आणि तिचे निम्मे तरी खरे आहे. लेखकाला सगळे माहीत असल्यामुळे वाचक कुठे अडेल ते त्याला दिसत नाही. ज्या शोधाचा त्याला अभिमान आहे त्याच्या नोंदी वाढतात. तरी त्याला दूर ठेवणेही बरे नाही. पारिभाषिक शब्दांची यादी, टोपणनावे, एकाच नावाच्या दोन व्यक्ती ही माहिती त्याने सुरुवातीलाच द्यावी. तयार सूची तपासताना नव्या नोंदी सुचवण्याआधी वीसएक नोंदी कुठूनही उचलून त्या त्या पानांवर जाऊन पाहाव्यात.

दुसऱ्या आवृत्तीत अक्षराचा आकार किंवा पानाची लांबी-रुंदी बदलली, की सगळे आकडे निकामी होतात. नोंदींची निवड टिकते, पण पाने पुन्हा लावावी लागतात, आणि त्याचा मोबदला वेगळा असतो. हे पहिल्याच करारात लिहिलेले असावे.