रेकॉर्डिंगच्या आधी

३ जानेवारी १९८९
आत्या संक्रांतीला येतेय. जात्यावरच्या ओव्या म्हणणार. वय ऐंशीच्या पुढे. या खेपेला रेकॉर्डिंग नीटच व्हायला हवं.

४ जानेवारी
आत्याची जुनी कॅसेट ऐकली. आवाज दबलेला. ‘स’, ‘श’ कळतच नाहीत. ट्रेबल वाढवला, तर खरखरच वाढली.

५ जानेवारी
वाचनालयात पुस्तक मिळालं. टेपवरचे चुंबकी कण क्षीण सिग्नलला दाद देत नाहीत. नुसता आवाज दिला तर वेडावाकडा उमटतो. म्हणून त्यात बायस नावाचा जादा सिग्नल मिसळायचा, साधारण १०० किलोहर्ट्झचा. कानाची धाव २० किलोहर्ट्झपर्यंत, त्यामुळे तो ऐकू येत नाही. पायली हलवून भरली की दाणे नीट बसतात, तसं.

६ जानेवारी
पूर्वी बायस डीसी, म्हणजे न हेलकावणारा, असे. खरखर फार. १९४० साली बर्लिनच्या रेडिओत वाल्टर वेबर यांचा ॲम्प्लिफायर बिघडून आपोआप ऑसिलेट होऊ लागला आणि खरखर एकदम उतरली. नुसता बिघाड काढून ते थांबले नाहीत, कारण शोधलं: ते ऑसिलेशनच बायसचं काम करत होतं. थोर माणूस.

८ जानेवारी
मित्राचा तीन हेडांचा डेक आणला. रेकॉर्ड होतानाच टेपवरचं ऐकता येतं. एफएमवर स्टेशन नाही तिथे काटा ठेवला. नुसती सरसर. लेव्हल उणे २० डेसिबल. आलटून पालटून ऐकलं: सोर्स, टेप. सोर्स, टेप. बायसचं बटण डावीकडे नेलं की टेपची सरसर चिरकी. उजवीकडे बोथट. मधे एका जागी दोन्ही सारख्या. पेन्सिलीने खूण केली.

९ जानेवारी
क्रोम कॅसेट. तिला बायस जास्त लागतो. डेकवरचा टेप सिलेक्टर बदलला, तरी कालची खूण जुळेना. पुन्हा पहिल्यापासून.

१० जानेवारी
दिवसभर वीज नाही.

११ जानेवारी
बायस कमी केला की ‘स’ लखलखतो. मोह होतो. पण खालचे सूर फाटतात. आत्याचा आवाज खर्जातला. नको.

१३ जानेवारी
जातं माळ्यावरून काढलं. आत्या आली. थोडी खोकतेय. काळजी वाटते.

१४ जानेवारी
झालं. खोकला नाही. जात्याची घरघर, मधला श्वास, सगळं आलं. हेडफोन लावून आत्या म्हणाली, “अगं बाई, माझ्या बांगड्यापण वाजतायत की!”

१५ जानेवारी
बायस लागतो तो रेकॉर्ड करतानाच. तो चुकला, तर नंतर कुठलंही बटण ते भरून काढत नाही. घरात गाणारं म्हातारं माणूस असेल, तर ज्या कॅसेटवर घ्यायचं तिच्यावरच आधी बायस जुळवा. मग त्यांना बसवा.