हिरव्या पाण्याची शेती

गुरांच्या हौदातलं पाणी हिरवं झालं की घरची मोठी माणसं काय म्हणतात? "शेवाळ धरलं, हौद घासा!" आमच्या वर्धा जिल्ह्यात 'शेवाळ'ला पुष्कळ जण 'शेवाय' म्हणतात. एकदा चौथीच्या वर्गात मी सांगितलं, की एका जातीच्या शेवाळाची चक्क शेती करतात आणि ते खातातही. मागून आवाज आला, "शेवया तं आमीबी खातो जी मॅडम, त्यात का नवल हाय?" वर्ग खो खो हसला. (पण या शेवया पुढे येणार आहेत बरं का!)

या शेवाळाचं नाव स्पिरुलिना. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर स्प्रिंगसारखे वेटोळे धागे दिसतात. शास्त्रज्ञ आता त्याला जिवाणूंत मोजतात, पण बोलताना सगळे शेवाळच म्हणतात. त्याला खारं, सोड्याचं पाणी आवडतं. असं पाणी आपल्या विदर्भातच आहे, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरात. उल्का आदळून झालेल्या त्या खळग्यातलं पाणी हिरवं दिसत आलं, ते बरंचसं याच्यामुळे. (जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं, ते मात्र दुसऱ्या सूक्ष्मजीवांचं काम.) तिकडे आफ्रिकेत चाड सरोवराकाठच्या बायका हे शेवाळ गाळून वाळूवर वाळवतात आणि कालवणात घालतात.

शेती करायची तर लांबट गोल टाकी बांधतात, शर्यतीच्या मैदानासारखी. पाणी जेमतेम वीतभर. त्यात खाण्याचा सोडा, मीठ आणि थोडी खतं. एक चाक फिरत राहून पाणी ढवळतं, नाहीतर वरचे धागे खालच्यांचं ऊन अडवतील. मला सगळ्यात आवडला तो सोडा! आपल्या कपाशीला बोंडअळीपासून राखायला केवढा खटाटोप. इथे पाणीच इतकं अल्कधर्मी, की बहुतेक परके जीव त्यात तग धरत नाहीत. म्हणजे सोडा हेच खाद्य आणि सोडा हेच कुंपण. ऊन हवं, पण पाणी ३५ अंशांच्या आसपास असलेलं बरं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा जाळीची सावली हवीच. पीक तयार झालं की बारीक कापडातून गाळतात, दाबून पाणी काढतात आणि लहान मळ्यांत तो हिरवा गोळा सोऱ्यासारख्या साच्यातून दाबून वाळत घालतात. झाल्या की नाही शेवया?

हौदातलं शेवाळ मात्र कुणी चाखून पाहू नका. काही जातींची निळी-हिरवी शेवाळं विषारी असतात आणि नुसत्या डोळ्यांनी ती ओळखू येत नाहीत.

आता जरा हिशेबाचं. आमच्या गावात एक विक्रेता हिरव्या गोळ्यांचे डबे घेऊन आला होता. "एक गोळी म्हणजे वाटीभर वरण," असं सांगत फिरला. दुसऱ्या दिवशी एक आई डबा घेऊनच शाळेत आली. "मॅडम, पोरगी लय बारीक हाय. ह्या घेतल्या तं अंडे बंद केले चालन का?"

मी फळ्यावर गणित मांडलं. गोळी ५०० मिलिग्रॅमची. वाळलेल्या स्पिरुलिनात साधारण ६० टक्के प्रथिनं, म्हणजे गोळीत ३०० मिलिग्रॅम. वाटीभर वरणाला ३० ग्रॅम तूरडाळ धरू. डाळीत साधारण २२ टक्के प्रथिनं, म्हणजे ६.६ ग्रॅम. तर एका वाटीला किती गोळ्या?

"बावीस!" सगळा वर्ग ओरडला. एका अंड्यातही सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे वीस गोळ्या.

गोळी अगदीच कुचकामी असं मी म्हणणार नाही. तिच्यात बीटा-कॅरोटीन भरपूर असतं. त्यापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं आणि ते डोळ्यांना हवंच. पण बीटा-कॅरोटीन आपल्या परसातल्या शेवग्याच्या पाल्यातही असतं. आणि डब्यावर बी-१२ लिहिलेलं असलं, तरी स्पिरुलिनातलं बरंचसं बी-१२ आपल्या शरीराला वापरता येत नाही.

त्या आईने डब्याचं पुढे काय केलं, ते मी विचारलं नाही. तिची मुलगी मात्र फळ्यावरचं गणित वहीत उतरवून घेऊन गेली. खाली मोठ्ठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'बावीस'.