भट्टीचा आवाज

भूम तालुक्यातल्या खव्याच्या भट्टीवर माहितीपट करायला घेतला, तेव्हा मला सगळ्यात आधी आवाज हवा होता. दूध आटत जातं तसा कढईतल्या उलथन्याचा आवाज बदलतो. सुरुवातीला नुसती खळखळ, मग जडपणा, आणि खवा तळाला धरू लागला की खरवड. भट्टीवरच्या मावशी आपल्याशी बोलत असतानाही त्या खरवडीसरशी हात भरभर चालवू लागतात. प्रेक्षकाला निवेदनाशिवाय हे कळलं पाहिजे, असा माझा हट्ट होता.

दृश्यं मोबाइलवर टिपली, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर. इथे एक जुनं दुखणं येतं. भट्टीपाशी अंधार, दारात ऊन. उजेड बदलला की बरेचसे मोबाइल सेकंदाला किती फ्रेम टिपायच्या तेही बदलतात. रेकॉर्डर मात्र एकाच गतीनं चालतो. मग पहिल्या मिनिटाला जुळवलेलं बोलणं लांबलचक शॉटच्या शेवटी ओठांच्या मागे-पुढे पळतं. यावर उपाय एकच: संकलनाला बसण्याआधी सगळं फुटेज एफएफएमपेगमधून काढून २५ फ्रेमच्या एकसारख्या गतीवर आणायचं. एका ओळीची आज्ञा दिली की काम होतं. २००० साली सुरू झालेलं हे मुक्त सॉफ्टवेअर आज जगभरच्या व्हिडिओच्या कामाखाली पायासारखं आहे.

संकलन केडेनलाइव्ह या मुक्त सॉफ्टवेअरवर. जुन्या लॅपटॉपला फोर-के फुटेज झेपत नाही, म्हणून केडेनलाइव्ह प्रत्येक क्लिपची हलकी प्रत बनवतं. आपण कापाकापी तिच्यावर करायची, शेवटचा चित्रपट मूळ फुटेजमधूनच निघतो. त्याहून मला मोलाची वाटते ती त्याची प्रकल्प-फाइल. ती साधा मजकूर असते. फुटेजचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवलं, तर ती नोटपॅडमध्ये उघडून पत्ता बदलता येतो. वर्गणी संपली म्हणून आपलाच चित्रपट आपल्याला उघडता येत नाही, ही वेळ इथे येत नाही. डाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती रंगकामात सरस आहे, पण तिला दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं आणि तिचा कोड बंद आहे.

ऑडॅसिटीनं पंख्याची घरघर काढता येते. नुसत्या घरघरीचा तुकडा आधी तिला ऐकवायचा आणि मग हात आखडता ठेवायचा. जास्त सफाई केली की माणसाचा आवाज पत्र्यासारखा होतो. थोडी घरघर राहिलेली बरी. शीर्षकं मी इंकस्केपमध्ये करतो, ‘एक टाइप’च्या ‘मुक्ता’ या मोफत टंकात. त्यात ‘भट्टी’ आणि ‘खव्याची’ या शब्दांतली जोडाक्षरं अखंड उमटतात.

हत्यार आपलं असावं ही ओढ मराठी सिनेमाला सुरुवातीपासून आहे. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात दामल्यांच्या साथीनं १९१८ साली स्वतःचा कॅमेरा उभा केला आणि त्यावर ‘सैरंध्री’ काढला. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरची गोष्टही मला याच जातीची वाटते. मूळ कंपनी बंद पडल्यावर २००२ साली वापरणाऱ्यांनी १ लाख युरो जमवून ते सर्वांसाठी मोकळं करून घेतलं. लॅटव्हियातल्या गिंट्स झिलबालोडिसनं त्याच ब्लेंडरवर ‘फ्लो’ केला, आणि २०२५ साली त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं.

उमरगा, परंडा, कळंबच्या कॉलेजांतल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: लॅपटॉप जुना म्हणून थांबू नका, आणि चोरीचं सॉफ्टवेअर टाकू नका. हाताशी थोडे पैसे आले, तर ते आधी चांगल्या माइकवर घाला. आणि ही साधनं हाताला बसली की त्यांच्या मराठी भाषांतरात उतरा. ते काम स्वयंसेवकच करतात, आणि तिथे प्रत्यक्ष संकलन करणारी माणसं हवी आहेत.