जोड दिसू द्यावा

घरातील देवाची मूर्ती खंडित झाली तर काय करावे, याविषयी आपल्या घरांत कोणाला शंका नसते. ती पूजेतून काढावी आणि पाण्यात विसर्जित करावी, असा संकेत आहे. खेळणे मोडले तर मात्र शास्त्र मौन पाळते. लहान मूल घटकाभर रडते आणि दुसऱ्या दिवशी त्याच लंगड्या घोड्याशी खेळू लागते. खरी पंचाईत होते ती साठी उलटल्यावर हौसेने, पदरचे पैसे मोजून, जुनी खेळणी जमवणाऱ्यांची. खोके उघडताच आतून तुकडे निघाले, तर त्यांना धड रडताही येत नाही आणि खेळताही येत नाही.

गेल्या पावसाळ्यात आम्ही सावंतवाडीच्या चितारी घडणीची एक जुनी लाकडी बैलगाडी परगावच्या एका विक्रेत्याकडून मागवली. ती आमच्या ताईसाठी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश अस्तित्वात आला आणि राजधानी नागपूरहून भोपाळला आली. तिच्यामागून जी सरकारी बिऱ्हाडे इकडे आली, त्यांत आमच्या वडिलांचेही होते. ताई तेव्हा सात वर्षांची होती. आजोळहून आलेली तिची बैलगाडी सामानाच्या बांधाबांधीत नागपुरासच राहिली. आमचा जन्म त्यानंतरचा, भोपाळचा. त्यामुळे ती गाडी आम्ही केवळ ताईच्या बोलण्यातून पाहिलेली. हबीबगंजच्या आमच्या घरी खोके उघडले तेव्हा एका बैलाचे शिंग निखळलेले होते, एका चाकाची दोन शकले होऊन त्यांतले एक बेपत्ता होते आणि जुवावरचा रंग पापुद्र्यांनी सुटला होता.

विक्रेत्याने दोन पर्याय दिले. गाडी परत करून पूर्ण रक्कम घ्यावी. अथवा तो ती घासून, नव्याने रंगवून, ‘अगदी नव्यासारखी’ करून पाठवील. व्यवहार म्हणून दोन्हींत काही वावगे नव्हते. ताई मात्र म्हणाली, “घासायचीच असेल तर परत पाठवून दे. घासलेली गाडी कोणाच्याच लहानपणची राहत नाही.” अखेर किमतीत काही सूट घेऊन, आहे त्या स्थितीत, आम्ही ती ठेवून घेतली.

अशा वेळी सरकारी नोकरीतली एक सवय कामी येते : आधी पंचनामा, मग कारवाई. खोके, वेष्टन आणि तुकडे यांची छायाचित्रे प्रथम काढावीत. विक्रेत्याला लेखी कळवावे. रंगाचे पापुद्रेसुद्धा कागदाच्या पाकिटात जपून ठेवावेत. हे सारे होईपर्यंत गोंदाची नळी कपाटातच असू द्यावी. कारण जोडकाम सुरू झाले की वस्तू मूळची कशी मोडली होती, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वस्तूची घडण जाणून घेणे. जुन्या चितारी कामात पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडावर खडू आणि चिंचोक्याची खळ यांचा थर देत; त्यावर रंग आणि रंगावर लाखेचे रोगण. ओल्या फडक्याने पुसले तर खळ सुटते. स्पिरिट लावले तर लाख विरघळते. मऊ, कोरडा कुंचला तेवढा निर्धोक. क्षणात चिकटणारी नळीतली द्रव्ये तुकडा नीट बसवण्यास उसंत देत नाहीत आणि पुढे काढू म्हटले तर सहज निघत नाहीत. सुताराचा सरस मात्र ऊब आणि ओल लागताच पुन्हा सैल होतो. शिंग आम्ही पातळ सरसाने, लाकडाला लाकूड भिडवून, रंगाला धक्का न लावता बसवले.

चाकाचा प्रश्न अवघड होता, कारण अर्धे चाक नव्हतेच. त्यासाठी आम्ही बुधनीला गेलो. आपल्या इटारसीच्या मार्गावर, विंध्याचा घाट उतरून गाडी नर्मदेकडे जाते, तिथले हे गाव लाकडी खेळण्यांसाठी आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. तेथील कारागीर दुधीचे लाकूड खरादावर धरतात आणि फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून अंगी मुरते. सावंतवाडीचा रंग कुंचल्याचा, बुधनीचा खरादाचा. एका वृद्ध कारागिराने शाबूत चाकाचे माप घेऊन तसेच दुसरे उतरवून दिले आणि विचारले, की जुन्याशी मिळता काळपट रंग चढवू का? कोणाला कळणारही नाही, असे त्यांचे म्हणणे.

मोह झाला, हे खरे. परंतु कोणाला कळू नये, हाच तर आक्षेपाचा मुद्दा होता. वास्तूंच्या जतनाविषयी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद ठरली, तिच्यात गहाळ भागाच्या जागी बसवलेला नवा भाग एकूण वस्तूशी सुसंगत असावा, तरीही मुळापासून वेगळा ओळखू यावा, असे तत्त्व आहे. हडप्पा संस्कृतीच्या मातीच्या खेळगाड्यांची चाके उत्खननांत मिळाली, लाकडी आस मात्र कुजून गेले. संग्रहालयांत त्या गाड्या आज नव्या आसांवर उभ्या आहेत आणि त्यात कोणी लबाडी पाहत नाही. आम्ही चाक बिनरंगी ठेवावयास सांगितले. कारागीर हसले, गिऱ्हाईक कंजूष असावे, असा त्यांचा ग्रह झाला असणार.

आमच्या एका संग्राहक स्नेह्यांच्या मते या चाकाने गाडीची किंमत निम्म्याने उतरली. बाजाराच्या हिशेबाने ते बरोबरही असेल. पण रंगवलेल्या चाकाने वाढलेली किंमत पुढच्या कोणाच्या तरी अज्ञानातून वसूल व्हायची असते. आणि आपल्या घरांना जोडाची लाज का वाटावी? आपल्या मराठीलाही हिंदी घडणीचे एखादे चाक आहेच. पुण्याचे पाहुणे ते पहिल्याच वाक्यात ओळखतात. म्हणून आपले बोलणे कधी अडलेले नाही.

ताईने गाडी टेबलावरून चालवून पाहिली. नवे चाक किंचित कुरकुरते. गाडीच्या तळाशी आम्ही एक चिठ्ठी बांधली आहे : शिंग सरसाने जोडलेले, उजवे चाक बुधनीचे, नवे, खाली तारीख. उरलेले अर्धे चाक आणि पापुद्रे एका डबीत ठेवले आहेत. पुढे कोणाला अधिक जाणकार कारागीर भेटला, तर आमचे चाक काढून टाकण्यास आमची काही हरकत नाही.