काजळी

लहानपणी मला काजळीचे दोन प्रकार ठाऊक होते. पहिली देवळातली. निपाणीस आमच्या आळीतल्या देवळात गाभाऱ्याच्या चौकटीवर समयांच्या धुराचा एक मऊ काळा थर बसलेला असे, आणि रोज सकाळी एक वृद्ध सेवेकरी चिंच व राख घेऊन समया घासावयास बसत. "काल तर घासल्या होत्या ना?" असे मी एकदा विचारले, तेव्हा मान वर न करताच ते म्हणाले, "काल उजळल्या म्हणून तर काल पेटविल्या. पेटविल्या म्हणून आज घासावयाच्या." त्या काजळीबद्दल आमच्या मनात किळस नव्हती. घरी आई एरंडेल तेलाच्या दिव्यावर वाटी उपडी ठेवून काजळ धरीत असे, आणि तेच आमच्या धाकट्या भावंडांच्या डोळ्यांत जाई.

दुसरी काजळी तवंदी घाटातली. वर्षातून एकदा कुलदेवतेच्या दर्शनासाठी आम्ही गोव्यास जात असू. एस. टी. संकेश्वर, आजरा, आंबोली करीत जाई. परंतु निपाणी सोडताच आरंभीच तवंदीचा चढ लागे. पुढे मालाने लादलेल्या ट्रकांची रांग, आणि प्रत्येक वळणावर त्यांच्या नळीतून निघणारा काळा लोळ. आई पदर नाकाशी धरी आणि घाट संपेपर्यंत एक शब्द बोलत नसे. तिला दमा होता. मुलांना खिडकीची हौस असते. मला मात्र त्या घाटात खिडकी लावून घेण्याचे काम असे.

पुढे मी वकील झालो, आणि पुराव्याची सवय जडली. आईचा दमा त्या धुरामुळेच, असे मी न्यायालयात शपथेवर सांगू शकणार नाही. निपाणी हे तंबाखूचे गाव. वखारींतली तंबाखूची धूळ उन्हाळ्याच्या दिवसांत घराघरांत शिरे, आणि तिचाही आईच्या श्वासावर काही हक्क असलाच पाहिजे. परंतु धुरात गंधक होते, हे निश्चित. १९९० च्या दशकाच्या आरंभी आपल्या देशातील डिझेलमध्ये वजनाच्या शेकडा एकपर्यंत गंधक चालत असे. म्हणजे एका किलोत दहा ग्रॅम. जळताना त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो आणि तो दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळतो. आरोपी एकटा नसेल; पण तो निर्दोषही नव्हता.

हे सारे पुन्हा मनात येण्यास एक खटल्याचे काम कारण झाले. म्हणजे खटला असा झालाच नाही. पण त्याने माझी झोप मात्र घेतली. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला होता की, १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज चार या मानकाचे एकही नवे वाहन देशात विकता वा नोंदविता येणार नाही. महेशचंद्र मेहता या वकिलांनी १९८५ साली दाखल केलेल्या अर्जाच्या ओघातलाच हा निर्णय. मार्च २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या भागातील एका गृहस्थाने, होते नव्हते ते विकून आणि वर कर्ज काढून, चौथ्या मानकाचा एक ट्रक घेतला. पैसे भरले, विमा उतरविला, विक्रीची नोंद संगणकावर चढली. आणि २५ मार्चला सारा देश बंद झाला. नोंदणीचे कार्यालयही बंद. तशात ८ जुलैला न्यायालयाने टाळेबंदीनंतरच्या विक्रीस दिलेली आपलीच पूर्वीची सवलत मागे घेतली. गृहस्थ धावत आमच्या निपाणीच्या घरी आले. "वकीलसाहेब, गाडी दारात हाय, पर रस्त्यावर काढता येत न्हाई. हप्ता तर थांबत न्हाई. आता काय करायचं?" असे म्हणून ते ओसरीवर मटकन बसले.

मी त्यांचे कागद तारीखवार लावीत होतो, आणि आतल्या खोलीत आई बसून होती. ते चार महिने तिने गेल्या कित्येक वर्षांत घेतला नव्हता असा मोकळा श्वास घेतला होता. हमरस्ता ओस पडला होता. गृहस्थ गेल्यावर ती बाहेर आली आणि म्हणाली, "त्याचे काम कर हो तू. लेकराबाळांचा माणूस आहे तो. पण रस्ता पुन्हा सुरू झाला की माझे काय, तेही कुठेतरी वाचून ठेव."

१३ ऑगस्टला न्यायालयाने ३१ मार्चपूर्वी विकलेल्या आणि संगणकावर नोंद झालेल्या वाहनांची नोंदणी करण्यास, दिल्ली व तिच्या परिसराबाहेर, मुभा दिली. गृहस्थांचा ट्रक रस्त्यावर आला. ते पेढे घेऊन आले, आईच्याही हातावर त्यांनी पेढा ठेवला, आणि तिने तो आनंदाने खाल्ला. परंतु तिचा प्रश्न माझ्याकडे तसाच पडून राहिला. कायद्याची तारीख मला पाठ होती. त्या तारखेमागे काय घडले होते, ते ठाऊक नव्हते.

त्याचे उत्तर मिळाले ते कोड्याळात, म्हणजे मंगळुरास. २०२३ साली रथसप्तमीच्या रथोत्सवासाठी आईला घेऊन मी मावशीकडे गेलो होतो. वेंकटरमणाचा रथ पाहून, गर्दीत चेंगरून, रात्री उशिरा आम्ही घरी परतलो. माझे मावसभाऊ रसायनशास्त्राचे अभियंते; आयुष्य तेलशुद्धीच्या धंद्यात गेलेले. गच्चीवर बसलो असता उत्तरेकडे कुत्तेत्तूरच्या तेलशुद्धी कारखान्याची आभाळावर पडलेली तांबूस आभा दिसत होती. १९९६ साली सुरू झालेला तो कारखाना. मी तिकडे बोट दाखवून विचारले, "तेथे नक्की करतात काय?" आणि भाऊंनी पहाटेपर्यंत पुरेल एवढे सांगितले.

जमिनीतून निघालेले तेल तापवून त्याचे हलके व जड अंश निरनिराळे करणे, ही झाली पहिली पायरी. ती जुनी आणि सोपी. अडचण पुढे येते. जड अंश फार निघतात आणि पेट्रोल-डिझेल कमी. शिवाय जे निघते त्यात गंधक असते. मग येथे उत्प्रेरकाचे काम लागते. उत्प्रेरक म्हणजे असा पदार्थ की, जो क्रियेत भाग घेतो, तिला वाट करून देतो, आणि अखेर स्वतः खर्ची पडत नाही. मी म्हणालो, "म्हणजे चांगला मध्यस्थ. दोन्ही पक्षांत समेट घडवितो आणि स्वतः कोरडा राहतो." भाऊ हसले. "तुम्हा वकिलांना तसे वाटणारच. पण कोरडा राहत नाही तो. तेच तर सांगावयाचे आहे."

जड तेल फोडण्याच्या यंत्रात उत्प्रेरक रांगोळीहूनही बारीक अशा पुडीच्या रूपाने असतो. सुमारे पाचशे अंशांच्या उष्णतेत ही पुडी तेलाच्या वाफेबरोबर वाहत जाते, आणि काही क्षणांतच मोठे रेणू तुटून लहान होतात. परंतु त्या काही क्षणांतच पुडीच्या प्रत्येक कणावर कोळशाचा थर चढतो आणि ती निकामी होते. मग तिला शेजारच्या दुसऱ्या पात्रात नेतात. तेथे हवा सोडून सुमारे सातशे अंशांवर हा थर जाळून टाकतात, आणि उजळलेली पुडी पुन्हा पहिल्या पात्रात येते. हा फेरा अहोरात्र चालतो. "आणि मौज अशी," भाऊ म्हणाले, "की हा कोळसा जळताना जी उष्णता निघते, तिच्यावरच पुढचे तेल फुटते. कळ्ळें वे? अंगावर चढलेला मळ जाळूनच तो पुढच्या कामाचे बळ मिळवितो."

माझ्या डोळ्यांपुढे चिंच आणि राख घेऊन बसलेला तो वृद्ध सेवेकरी उभा राहिला.

गंधक काढण्याची रीत निराळी. कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम हे धातू ॲल्युमिनाच्या सच्छिद्र गोळ्यांवर बसविलेले असतात. त्यांच्यावरून डिझेल आणि हायड्रोजन वायू मोठ्या दाबाखाली, तीनशे ते चारशे अंशांवर सोडतात. हायड्रोजन गंधकाला तेलाच्या रेणूतून ओढून बाहेर काढतो. सोपे गंधक लवकर निघते; जे रेणूच्या कोपऱ्यात दडून बसलेले असते, ते काढण्यासाठीच सारा खर्च होतो. किलोमागे दहा ग्रॅमवरून पन्नास मिलिग्रॅमपर्यंत येणे कठीण खरे, पण त्या पन्नासावरून दहावर येण्यासाठीही नवी यंत्रे उभारावी लागली.

"पण एवढा आटापिटा कशाला? पन्नास मिलिग्रॅमने कोणाचा जीव जातो?" मी उलटतपासणीच्या सवयीने विचारले. त्यावर भाऊंनी यूजीन हूद्री या फ्रेंच अभियंत्याची गोष्ट सांगितली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. हूद्री पहिल्या महायुद्धात लढलेला, मोटारींच्या शर्यतींचा शौकीन. मातीसारख्या साध्या उत्प्रेरकावर जड तेल फोडून उत्तम पेट्रोल करता येते, हे त्याने दाखविले. १९३७ साली अमेरिकेत मार्कस हूक येथे त्याच्या पद्धतीचा मोठा कारखाना चालू झाला. म्हणजे मोटारयुगाला ज्यांनी इंधन पुरविले, त्यांतला हा अग्रणी. उतारवयात लॉस एंजेलिसच्या आभाळात साठणारा धूर त्याच्या मनाला लागला. उत्प्रेरकानेच मोटारीचा धूर शुद्ध करावा, असे त्याने ठरविले, आणि तसे उपकरण करून त्याचे पेटंटही घेतले. परंतु ते चालले नाही. कारण त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळीत असत, आणि शिसे उत्प्रेरकाचे विष. १९६२ साली हूद्री वारला. अमेरिकेतील मोटारींना अशी उपकरणे सर्रास बसू लागली ती १९७५ पासून, बिनशिशाचे पेट्रोल आल्यावर.

हीच गोष्ट आपल्याकडे पुन्हा घडली. १९९५ साली चार महानगरांत नव्या मोटारींना उत्प्रेरकाचे उपकरण सक्तीचे झाले, म्हणून तेथे बिनशिशाचे पेट्रोल आणावे लागले. फेब्रुवारी २००० पासून साऱ्या देशातले पेट्रोल बिनशिशाचे झाले. डिझेलच्या बाबतीत गंधकाने शिशाची जागा घेतली. सहाव्या मानकाच्या ट्रकाला काजळी अडविणारी गाळणी असते, आणि चालक ज्याला नुसते "युरिया" म्हणतात ते द्रावण लागणारे उपकरण असते. गंधक फार असेल तर ही दोन्ही उपकरणे बिघडतात. तेव्हा दहा मिलिग्रॅम हा आकडा माणसाच्या श्वासासाठी जितका, तितकाच ट्रकाच्या पोटातल्या उत्प्रेरकासाठीही. कारखान्यातला उत्प्रेरक तेल शुद्ध करतो, तेव्हा कोठे गाडीतला उत्प्रेरक धूर शुद्ध करू शकतो. दोन्ही एकाच दिवशी बदलले पाहिजेत. म्हणून न्यायालयाला एकच तारीख धरून बसावे लागले. पाचवे मानक ओलांडून देशाने चवथ्यावरून सहाव्यावर उडी घेतली, तीही १ एप्रिल २०२० या एकाच दिवशी. माझ्या पक्षकाराच्या गळ्याला लागलेली ती तारीख अशी होती.

आई इतका वेळ झोपली असावी असे आम्हांस वाटत होते. तिने एकदम विचारले, "मग ते काढलेले गंधक जाते कोठे?"

प्रश्न बिनतोड होता. मळ काढला म्हणजे तो नाहीसा झाला असे होत नाही. गंधकाचा आधी विषारी वायू होतो, आणि मग त्या वायूपासून पिवळेधमक घन गंधक परत मिळवितात. ते विकले जाते. त्याचे आम्ल होऊन खतांच्या कामी येते. साखर कारखान्यांत उसाचा रस स्वच्छ करण्यासाठी गंधकाचा धूर वापरतात. आमचा बेळगाव-निपाणीचा मुलूख उसाचा. ज्या गंधकाने आईचा श्वास कोंडला, त्याच्याच भाऊबंदाने तिच्या चहातली साखर पांढरी केली असेल, असे मी म्हणालो तेव्हा तीही हसली.

परंतु भाऊ हसले नाहीत. "सगळेच मिटले असे समजू नका," ते म्हणाले. "गंधक ओढण्यासाठी जो हायड्रोजन लागतो, तो करताना कार्बन डायऑक्साइड आभाळात जातोच. आणि कितीही शुद्ध केलेले डिझेल जाळले तरी त्यातला कार्बन जातच राहतो. आम्ही गंधक काढतो. तेलाचे तेलपण काढू शकत नाही." मला मुंबईचे माहुल आठवले. १९५४ व १९५५ साली उभ्या राहिलेल्या दोन तेलशुद्धी कारखान्यांच्या शेजारी पुनर्वसन करून वसविलेल्या कुटुंबांना, तेथील हवेच्या कारणाने, न्यायालयाची पायरी चढावी लागली होती. आपले इंधन जेथे शुद्ध होते, तेथील माणसांनाही श्वास असतो, हे साऱ्या हिशेबात विसरून चालणार नाही.

परतताना आम्ही बेळगावावरून आलो. कोगनोळीच्या नाक्याच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरे. पाटीवरची लिपी बदलते, इंधनाचा दर बदलतो. त्या हद्दीसाठी आमच्या तीन पिढ्या भांडल्या आहेत. किलोमागे दहा मिलिग्रॅमचा नियम मात्र दोन्ही बाजूंना एकच. माझ्या पक्षकाराचा तो चौथ्या मानकाचा ट्रक अजून धावतो. त्याला गाळणी नाही, म्हणून काजळी येतेच. पण त्याच्या टाकीतही आता तेच कमी गंधकाचे डिझेल पडते. आईच्या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर एवढेच, आणि ते अर्धेच आहे. शुद्धता एकदा मिळवून ठेवता येत नाही. ती समईसारखी रोज घासावी लागते. जेथे घासणे थांबले, तेथे काजळी लगेच येऊन बसते. कायदाही त्याला अपवाद नसावा.

तवंदी घाट उतरताना समोर एक जुना ट्रक आला. मी खिडकी लावू लागलो, तर आई म्हणाली, "राहू दे." आणि तिने पदर नाकाशी नेला. सवयीने की गरजेने, हे मी विचारले नाही.